उरकुडा मास्तरांचा अर्धा फेरा

मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा होणाऱ्या व्याह्यांनी मला विचारलं, "तुमचा धंदा काय जी?" मी म्हणालो, कीबोर्डचे टोन लावून देतो. म्हणजे वाजवता का, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, नाही, वाजवणारे दुसरे असतात. मग दुरुस्त करता? म्हटलं, ते पण करतो, पण माझ्याकडे येणारे बहुतेक कीबोर्ड बिघडलेले नसतातच. व्याह्यांनी त्यांच्या बायकोकडे पाहिलं, त्यांच्या बायकोने माझ्या बायकोकडे पाहिलं, आणि माझ्या बायकोने सांगून टाकलं की आमच्या दोन एकर धानाच्या बांध्या आहेत. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि पोहे बाहेर आले.

तेव्हाच ठरवलं होतं की कधीतरी हा धंदा नीट लिहून काढायचा. यंदा या अंकाने चार पानं दिली आहेत, तर व्याह्यांनी हे वाचावं अशी माझी फार इच्छा आहे.

आमगावात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान आहे. आतमध्ये एक टेबल, दोन बॉक्स म्हणजे स्पीकर, एक हेडफोन, आणि मागच्या दाराने थेट घर. भजनी मंडळं, लग्नात वाजणाऱ्या धुमाल पार्ट्या, ऑर्केस्ट्रावाले, नाटकवाले, सगळे आपापले कीबोर्ड चादरीत गुंडाळून माझ्याकडे आणतात. कुणाला सनई पाहिजे, कुणाला बँजो, कुणाला अमुक गाण्यातली बासरी. मी पेन ड्राइव्हने टोन भरतो आणि मग ते त्याच्या हाताला, त्याच्या बॉक्सला आणि त्याच्या डोक्यातल्या आवाजाला जुळवून देतो. पहिली दोन कामं सोपी आहेत. डोक्यातला आवाज मात्र त्यालाही धड सांगता येत नाही. "थोडा गोल कर", "जरा ओला पाहिजे", "याच्यात माणूस नाही वाटत", अशी भाषा असते. या भाषेवर मी सव्वीस वर्षं घर चालवलं.

या सगळ्या कामात मला जे उत्तम जमतं ते म्हणजे ऑर्गनच्या टोनवरची रोटरी. आता ही काय भानगड ते सांगतो. जुन्या काळी परदेशात मोठ्या ऑर्गनसोबत कपाटाएवढी एक लाकडी पेटी यायची. तिच्यात वर एक भोंगा आणि खाली एक ढोल असायचा आणि दोन्ही मोटरवर गरगर फिरायचे. आवाज त्यांच्यातून बाहेर पडायचा, म्हणून आवाजही फिरायचा. मी ती पेटी जन्मात पाहिलेली नाही. पण आमच्या लहानपणी खळ्यावर बैल फिरवून धान चुरायचे, तेव्हा कडेच्या बैलाच्या गळ्यात घंटी असायची. खळ्याच्या कडेला बसलं की ती घंटी जवळ येताना मोठी व्हायची, समोरून जायची आणि पलीकडे गेली की बारीक व्हायची. रोटरी म्हणजे तेच. फक्त बैल नाहीत, खळं नाही, पेटीही नाही. कीबोर्डच्या आत नुसता हिशेब चालतो आणि आवाज एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे फिरल्याचा भास होतो.

याला दोन वेग असतात, हळू आणि जलद. हळूवर आवाज श्वास घेतल्यासारखा लागतो, जलदवर थरथरतो. पण खरी मजा एकातून दुसऱ्यात जाताना आहे. बटण दाबलं की आवाज लगेच उडी मारत नाही. हलका भोंगा आधी वेग घेतो, जड ढोल मागून येतो, आणि त्या दोन-तीन सेकंदांत ऐकणारा जागच्या जागी थांबतो. तो चढ किती वेळाचा ठेवायचा, भोंगा किती आणि ढोल किती, आवाज किती खरखरीत करायचा, हे सगळं बसवणं म्हणजे माझं काम. हे सगळं मेनूत सहा पायऱ्या खाली असतं, आणि स्क्रीन असते आगपेटीएवढी. माझा चष्मा त्यातच लागला.

लोकांना हे पटवणं सोपं नाही. कोहमाऱ्याच्या एका धुमाल पार्टीचा वादक बॉक्सपुढे टेबलफॅन लावून वाजवायचा, कारण पंख्यातून आलेला आवाज थरथरतो. ऐन मे महिन्यात मी त्याला दुकानात बसवून दुपारभर रोटरी जुळवून दिली. त्याने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "आवाज तो बढ़िया है भैया, पर हवा कहाँ है?" आजही तो माझी रोटरी आणि त्याचा पंखा दोन्ही वापरतो.

चोरखमाऱ्याकडच्या एका भजनी मंडळाची गोष्ट याहून भारी. त्यांच्या कीबोर्डचा आवाज अचानक थरथर कापायला लागला. पुसताना कुणाचा तरी हात रोटरीच्या बटणावर पडला होता, बाकी काही नाही. पण मंडळाच्या अध्यक्षांचा हात हार्मोनियमवर बसलेला. पावसाळ्यात पेटी सर्दते आणि तिला ऊन दाखवावं लागतं, हे त्यांना ठाऊक. म्हणून कीबोर्डही सर्दला असं ठरलं आणि तो चार दिवस स्लॅबवर मिरच्यांच्या शेजारी वाळत पडला. कापरं गेलं नाहीच, वरून पाच पट्ट्या उन्हाने वाकल्या. माझ्याकडे आणला तेव्हा त्याला मिरच्यांचा वास येत होता. मी बटण दाबलं, आवाज सरळ झाला. अध्यक्षांचा चेहरा पडला. एवढ्यासाठी एवढ्या लांब आलो, असं त्यांना वाटलं असणार. मग मी कीबोर्ड उलटा करून चार स्क्रू काढले, आत फुंकर मारली आणि स्क्रू परत लावले. तेव्हा कुठे ते समाधानाने चहा प्यायले. गिऱ्हाइकासमोर स्क्रू काढल्याशिवाय दुरुस्ती झाली असं आमच्याकडे कुणी मानत नाही.

या स्क्रू काढण्याच्या सवयीनेच पुढे माझी फजिती केली.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. नाटकात ऑर्गन वाजवणाऱ्याला मास्तर म्हणतात आणि त्याचा मान नटाच्या बरोबरीचा असतो. उरकुडा मास्तर आमच्या भागातल्या एका नाट्यमंडळात चाळीस वर्षं ऑर्गनवर बसलेले. पायाने भाता मारायचा तो जुना ऑर्गन. नट ओळ विसरला की मास्तर दोन सूर जास्त वाजवून त्याला वेळ काढून द्यायचे, आणि नट वेळेवर मेला नाही तर करुण सूर लावून त्याला मरायला लावायचे. कडक माणूस. तालमीत चुकलेल्या गाणाऱ्याकडे ते नुसतं पाहायचे आणि त्याला घाम फुटायचा.

मागच्या वर्षी उंदरांनी त्या ऑर्गनचा भाता खाल्ला. मंडळाचे मॅनेजर टेकचंदभाऊ, म्हणजे गावातले हार्डवेअरचे दुकानदार, त्यांनी वर्गणीतून डिजिटल कीबोर्ड घेतला. तेवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण त्यांनी कुठल्यातरी गावच्या नाटकात मंडपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरणारा ऑर्गन ऐकला होता. झालं, ऑटोवर भोंगा लावून पंचक्रोशीत पुकारा सुरू झाला की यंदाच्या नाटकात घुमणारा ऑर्गन राहणार. मास्तरांना कुणी विचारलंही नव्हतं.

मंडईला चार आठवडे होते तेव्हा मास्तर पुतण्याच्या मोटरसायकलवर मागे बसून, कीबोर्ड धोतरात गुंडाळून, माझ्या दुकानात आले. घरी ते हेडफोन लावून सराव करत, कारण घरात नातवंडांचा अभ्यास असायचा. बाकीचे टोन ठीक वाजत होते, पण ऑर्गनवर रोटरी लावली की गडबड.

"भोजराज," ते म्हणाले, "हा आवाज अर्धा फेरा बरोबर येते. मंग कुठी जाते त माहीत नाई. मंग वापस येते. असा ऑर्गन असते का गा?"

मी हेडफोन लावून पाहिला. आवाज पूर्ण गोल फिरत होता, अगदी खळ्यावरच्या घंटीसारखा. त्यांच्या कानाला लावला. म्हणाले, अर्धाच. मी वेग कमी केला. म्हणाले, आता जास्त वेळ गायब होते. वेग वाढवला. म्हणाले, आता घडीघडी गायब होते. मी केबल बदलली, हेडफोन बदलला, सगळी सेटिंग पुसून कारखान्यातून आल्यासारखी केली, नवं सॉफ्टवेअर भरलं. दोन-तीन दिवसांआड मास्तर यायचे आणि त्यांच्या समोर मी स्क्रू काढायचो. तीन आठवड्यांत मी तो कीबोर्ड इतक्या वेळा उघडला की एका स्क्रूचे आटे गेले आणि तिथे मला टूथपिकचा तुकडा घालावा लागला.

आमची भांडणंही झाली. मास्तर म्हणाले, धुमालवाल्यांचे बॉक्स ऐकून ऐकून तुझे कान फुटले आहेत. मी म्हणालो, मास्तर, तुमच्या डोक्यात अजून भाता आहे, तो काढा. हे बोलायला नको होतं. ते कीबोर्ड धोतरात गुंडाळून निघून गेले आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी ते परत आले, तेव्हा मीच खुर्ची पुढे केली.

त्या दिवसांत एक गोष्ट मी रोज पाहत होतो आणि मला ती दिसत नव्हती. उजवा हात पट्ट्यांवर असताना फोन आला की मास्तर डाव्या हाताने फोन घ्यायचे आणि तो हात डोक्यावरून पलीकडे नेऊन उजव्या कानाला लावायचे. पाठीला खाज आली असावी तसं ते दृश्य. मला वाटायचं, कलावंत माणूस आहे, असायचंच काहीतरी वेगळं.

मंडईला आठवडा उरला तेव्हा टेकचंदभाऊ स्वतः दुकानात आले. बसले नाहीत. उभ्या उभ्या विचारलं, "भोजराजभाऊ, सीधी बात सांगा. खराबी मशीनमंदी हाय का मास्तरमंदी?"

मी म्हणालो, अजून बघतोय.

"गोंदियाचा एक वादक तयार हाय. त्याले हे सगळं येते. मास्तरचं आता वय झालं, मले समजते. पण पब्लिकले मी काय सांगू? परसो रंगीत तालीम हाय, त्याच्या आधी सांगा."

ते गेले आणि मी खुर्चीवर बसून राहिलो. चाळीस वर्षांची ती जागा आता माझ्या एका शब्दावर आली होती, आणि मला तर कीबोर्डमध्ये कणभर दोष सापडत नव्हता. खरं सांगायचं तर मास्तरच चुकतात अशी माझी खात्री झाली होती. मशीन ठीक आहे, एवढं बोललं की माझं काम संपत होतं आणि त्यांचंही संपत होतं.

बायकोने चहाचे कप उचलता उचलता म्हटलं, "मशीनच उघडून राहिले तुम्ही. माणूस कोण पाहील?"

तिला विचारलं, म्हणजे काय. ती म्हणाली, मास्तर टेबलापाशी बसतात तेव्हा घराच्या दारातून मी येते ती त्यांच्या डाव्या बाजूने. तिथून चहा घेता का म्हणून तीन तीनदा विचारलं तरी उत्तर नाही. रस्त्याकडून फिरून उजव्या बाजूने आले की मी विचारायच्या आधीच म्हणतात, साखर कमी टाक. तीन आठवड्यांपासून ती मास्तरांच्या चहासाठी टेबलाला वळसा घालत होती. सव्वीस वर्षं कानांवर धंदा करणारा मी, आणि हे बायकोला कळलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. हेडफोन त्यांच्या कानाला लावला आणि साधा ऑर्गन, रोटरीशिवाय, फक्त डाव्या कानात सोडला. माझं आवाजाचं बटण अर्ध्यावर होतं. मास्तरांनी पट्टी दाबली, धरून ठेवली, सोडली. परत दाबली. मला टेबलाच्या पलीकडून, त्यांच्या कानावरच्या हेडफोनमधून झिरपणारा सूर ऐकू येत होता.

"चालू केलाच नाई का अजून?" मास्तर म्हणाले.

मी म्हणालो, करतो जी, एक मिनिट.

डावा कान पूर्ण गेलेला. किती वर्षांपासून कोण जाणे. जुना ऑर्गन पायाखाली थरथरायचा, त्यावर एका कानाने भागत होतं. आणि आता असा आवाज त्यांच्यापुढे आला होता, जो अर्धा फेरा त्यांच्या बंद कानाकडे जाऊन राहायचा. बिचारे खरं तेच सांगत होते. अर्धाच येत होता.

मी डावा आणि उजवा दोन्ही आवाज एकत्र करून दोन्ही कानांत सारखाच सोडला. असं केलं की रोटरी फिरत नाही, जागच्या जागी फुगते आणि ओसरते. पण तो हळूवरून जलदवर जायचा चढ शाबूत राहतो. मास्तरांनी दोन सूर धरले. मी बटण दाबलं. भोंगा चढला, ढोल मागून आला. मास्तरांची मान हलली आणि त्यांनी नाटकातला आईच्या मरणाचा प्रवेश वाजवायला घेतला, पार शेवटपर्यंत.

वाजवून झाल्यावर हेडफोन काढून त्यांनी विचारलं, "काय होतं गा?"

"तार सैल होती, मास्तर. आतमधली."

"तीन हप्ते?"

"माझ्या लक्षात नाही आलं."

ते माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिले. "मी त सांगतच होतो," म्हणाले, आणि कीबोर्ड गुंडाळायला लागले. संध्याकाळपर्यंत ही बातमी आमगावच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर होती. भोजराजला तीन आठवडे एक सैल तार सापडली नाही. दोन गिऱ्हाइकांनी त्यानंतर आपले कीबोर्ड गोंदियाला नेले. त्यातल्या एकाचा कीबोर्ड मिरच्यांमध्ये वाळलेला होता, त्याचं मला एवढं दुःख नाही.

टेकचंदभाऊंना मी फोन करून कळवलं की खराबी मशीनमध्येच होती. ते खूश झाले. पण रंगीत तालमीच्या दुपारी शाळेच्या मैदानावरच्या मंडपात त्यांनी आवाज ऐकला आणि कपाळाला आठ्या घातल्या. पुकारा घुमणाऱ्या ऑर्गनचा केला होता आणि हा तर एका जागी उभा राहून हलतो, असं त्यांचं म्हणणं. बरोबरच होतं. त्यांना पब्लिकसाठी फिरणारा आवाज पाहिजे होता आणि मास्तरांना न फिरणारा. दोन्ही एकाच कीबोर्डमधून.

याची तयारी मी करूनच गेलो होतो. कीबोर्डमधला आवाज पुन्हा फिरता केला आणि मध्ये एक मिक्सर टाकला. मंडपाच्या डाव्या आणि उजव्या बाजूच्या मोठ्या बॉक्सना वेगवेगळा आवाज, म्हणजे तो लोकांच्या डोक्यावरून फिरेल. आणि मास्तरांच्या खुर्चीच्या उजव्या बाजूला एक छोटा बॉक्स, त्यात सगळा आवाज एकत्र. मास्तर बसले, वाजवलं, आणि आवाज मंडपाच्या या टोकावरून त्या टोकाला निघाला. सतरंज्या टाकणारी माणसं हात थांबवून वर पाहायला लागली. टेकचंदभाऊंनी मला मिठी मारली.

पण हा माणूस दुकानदार. घेतलेला माल चारही बाजूंनी पाहिल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. मास्तर पाणी प्यायला उठले तर हे त्यांच्या खुर्चीवर जाऊन बसले, छोट्या बॉक्सला कान लावला आणि एक पट्टी दाबली.

"भोजराजभाऊ, इथं त फिरून नाही राहिला."

तबलजी, दोन नट आणि गाणारी बाई, सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मास्तर तांब्या हातात धरून चार पावलांवर उभे होते.

मी सांगितलं की तसंच असतं. वाजवणाऱ्याला फिरता आवाज कधी द्यायचा नसतो, चक्कर येते. फिरता आवाज पब्लिकसाठी, वादकासाठी उभा आवाज, मोठमोठ्या ठिकाणी हाच नियम आहे. हे वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत असा काही नियम जगात नव्हता.

टेकचंदभाऊ विचारात पडले. "मास्तर, तुमाले चक्कर येत होती का?"

मास्तरांनी तांब्या खाली ठेवला. "हाव," ते म्हणाले. "तीन हप्ते येऊन राहिली होती. म्हणून त याच्या दुकानात चकरा मारत होतो."

टेकचंदभाऊ ताडकन खुर्चीवरून उठले, जणू त्यांनाही यायला लागली होती. मास्तर बसले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, पण त्यांच्या मनगटावरची शीर उडताना मला दिसत होती. एवढा कडक माणूस घाबरलेला मी पहिल्यांदा पाहिला, आणि मला माझ्या तीन आठवड्यांच्या सगळ्या बोलण्याची लाज वाटली.

त्या खोट्याचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. मंडईचा हंगाम संपेपर्यंत अर्ध्या तालुक्यातल्या वादकांनी आपापल्या मंडळांकडे वेगळ्या बॉक्सची मागणी केली. त्याला आता चक्कर बॉक्स म्हणतात. मागच्या महिन्यात गोंदियाचा एक शिकलेला साउंडवाला मला समजावून सांगत होता की वादकाला फिरता आवाज देऊ नये, कानातल्या पाण्याचा तोल जातो. मी मान डोलावून ऐकून घेतलं. धंद्यात मी एक नियम घालून दिला आणि तोही खोटा, एवढीच काय ती माझी भर.

नाटक उत्तम झालं. आईच्या मरणाच्या प्रवेशात मास्तरांनी आवाज हळूवर धरून ठेवला, धरून ठेवला, आणि ती नटी खाली पडली तेव्हा बटण दाबलं. तो चढ मंडपभर फिरत गेला आणि बायकांच्या बाजूने रडण्याचा आवाज उठला. मी मिक्सरपाशी उभा होतो. ते सेटिंग मी केलं होतं हे मलाही त्या वेळी आठवलं नाही.

सकाळी ऊन वर आलं तेव्हा मंडप अर्धा निघाला होता. ट्रकवाला बॉक्स चढवायच्या घाईत होता. मी तारा गुंडाळत असताना मास्तर आले आणि माझ्या शेजारी, मला उजवीकडे ठेवून, सतरंजीवर बसले.

"फिरला का गा?" त्यांनी विचारलं.

"फिरला, मास्तर. पूर्ण मंडपावरून."

"लोकं मले सांगून राहिले. टेकचंदबी बोलला. इकडून आला, तिकडून गेला म्हणतात." ते बोटाने सतरंजीचा धागा ओढत होते. "मले त सरळच आयकू आला. कसा फिरते, सांग बरं."

मी सांगायला तोंड उघडलं. घंटीचा बैल सांगणार होतो, खळं सांगणार होतो, सगळ्या गिऱ्हाइकांना तेच सांगतो. पण ज्याला जवळ आलेलं आणि दूर गेलेलं फक्त मोठं आणि बारीक एवढंच कळतं, त्याला एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे जाणं म्हणजे काय हे कुठल्या शब्दांत सांगायचं, ते मला सुचेना. मग मी उठलो. ट्रकवाल्याने उचलायला घेतलेले दोन्ही मोठे बॉक्स खाली ठेवायला लावले, मास्तरांच्या पुढ्यात शेजारी शेजारी ओढले आणि तारा परत जोडल्या. मेनूत सहा पायऱ्या खाली जाऊन भोंगा पार कमी केला, ढोल पूर्ण वाढवला, आणि वेग जितका हळू होईल तितका हळू केला.

"हात ठेवा," मी म्हणालो. "एक इकडे, एक तिकडे. जाळीवर."

त्यांनी तळहात ठेवले. मी कीबोर्डवर सगळ्यात खालचे दोन सूर दाबून धरले.

आधी त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मग त्यांनी डाव्या हाताकडे पाहिलं. मग उजव्या हाताकडे. परत डाव्या. "हा इकडं आला," ते म्हणाले. "हा गेला. हा इकडं." ते मान एकदा या हाताकडे, एकदा त्या हाताकडे वळवत होते आणि सत्तरीच्या माणसाचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं. मी बटण दाबलं आणि ढोल हळूहळू वेग घ्यायला लागला. त्यांचे दोन्ही हात थरथरू लागले, मग खांदे, आणि मग माझ्या लक्षात आलं की खांदे हसण्याने हलत आहेत. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही, तसंही ते माझ्याकडे पाहत नव्हते.

"तुले दिलेल्या शिव्या काही मी वापस घेत नाई," ते हसत हसत म्हणाले. "तीन हप्ते लावले तू."

"नका घेऊ जी."

"आता परत हळू कर."

मी हळू केला. त्यांनी डोळे मिटले. ट्रकवाला त्यांच्या उजव्या हाताला, चांगल्या कानापाशी, येऊन उभा राहिला होता आणि बॉक्स सोडा, उशीर होऊन राहिला, म्हणून मोठ्याने सांगत होता. तरी मास्तरांना ते ऐकू गेलं नाही.